राग नसावा, लोभ असावा

‘बुवा आज रागात आहेत.’

या चार शब्दांच्या वाक्याचा अर्थ सांगा, असे मी मराठीच्या वर्गात कधीकधी विचारतो. उत्तर ठरलेले असते : बुवांचे डोके आज ठिकाणावर नाही, त्यांच्या वाटेला न गेलेले बरे. मग गाण्याच्या शिकवणीला जाणारी एखादी मुलगी मागच्या बाकावरून हळूच विचारते, “कोणत्या रागात, सर?” आणि वर्गात हशा पिकतो.

हशा ओसरला, तरी प्रश्न शिल्लक राहतोच. ज्या शब्दाने आपण भूप, यमन, मालकंस यांची ओळख सांगतो, त्याच शब्दाने तळपायाची आग मस्तकात गेल्याचेही सांगतो. एक राग ऐकण्यासाठी आपण तिकीट काढून, अंगाभोवती शाल गुंडाळून रात्र रात्र जागतो. दुसरा राग घरबसल्या फुकट ऐकायला मिळतो. पण तो ऐकायला कोणी थांबत नाही! एकच शब्द या दोन टोकांना कसा जाऊन पोहोचला?

बोलताना आपला घोटाळा मात्र कधी होत नाही. ‘त्याला राग येतो’ म्हटले की माणूस तापट ठरतो. ‘त्याला पुष्कळ राग येतात’ म्हटले की तोच गवई होतो. एवढ्याशा अनेकवचनाने सारा निवाडा होतो. गाण्यातले राग मोजता येतात. संतापाच्या रागाला मराठीने अनेकवचनच दिलेले नाही. तो दिवसातून दहा वेळा आला तरी एकच. आणि ज्याला येतो त्याला तर दर वेळी तो पहिल्यांदाच, आणि तोही अगदी नाइलाजाने आला, असे वाटत असते.

मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ सालच्या आवृत्तीत हे दोन्ही राग एका घरात नांदताना दिसतात. पण मराठीची हद्द ओलांडून उत्तरेकडे गेले की हा संसार मोडतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली जिथे संगीताचे महाविद्यालय निघाले, त्या लखनौला एखादा मराठी गृहस्थ नोकरीनिमित्त गेला आणि मराठीतून हिंदीत जाण्याच्या आपल्या नेहमीच्या जवळच्या वाटेने म्हणाला, “मुझे बहुत राग आता है,” तर यजमान घाबरायचे नाहीत. ते कौतुकाने हार्मोनियम पुढे सरकवतील! हिंदीत रागाला गुस्सा म्हणतात. राग तिथे गाण्यातच उरला आहे.

रंगाऱ्याच्या घरचा शब्द

खरे पाहता ‘राग’ हा शब्द ना गवयाच्या घरचा, ना तापट माणसाच्या. तो रंगाऱ्याच्या घरचा आहे. संस्कृतात ‘रञ्ज्’ नावाचा एक धातू आहे. रंगणे, रंगवणे, तांबडे होणे हे त्याचे अर्थ. त्यापासून झालेला राग म्हणजे रंग, आणि त्यातही विशेषेकरून लाली. ओठांना लावायचा तो अधरराग. अंगाला लावायची सुगंधी उटी तो अंगराग. दिवाळीच्या पहाटेचे आपले उटणे याच नात्यातले. माणकाला पद्मराग म्हणतात, कारण त्यात कमळाची लाली दिसते.

या एका धातूचे गोत केवढे मोठे आहे ते पाहा. रंग आणि रंजन हे तर उघडच त्याचे. रक्त म्हणजे मुळात ‘रंगलेले’, मग ‘लाल’, आणि शेवटी आपल्या अंगातून वाहणारा तो लाल पदार्थ. मनावर रंग चढला की माणूस अनुरक्त, तो रंग उडाला की विरक्त. राग सुटला की वैराग्य, आणि वैराग्य घेऊन निघाला तो बैरागी. कपडे रंगवणारा आणि धुणारा रजकही याच घरातला. गावचा परीट आणि हिमालयातला बैरागी एकाच कुळातले निघावेत, ही गंमत शब्दांच्या जगातच होऊ जाणे. एक कपड्यांचे डाग काढतो, दुसरा मनाचे.

दिवाळी अंकांच्या वाचकांनी तर या धातूचे विशेष ऋण मानायला हवे. काशिनाथ रघुनाथ आजगावकर यांनी बंगाली भाषेच्या ओढीने ‘मित्र’ हे नाव घेतले. त्यांनी १८९५ साली मासिक ‘मनोरंजन’ सुरू केले आणि १९०९ साली त्याचा दिवाळी अंक काढला. मराठीतल्या दिवाळी अंकांची परंपरा तिथून धरतात. ‘मनोरंजन’ म्हणजे मन रंगवणे. करमणूक हा त्याचा पुढचा अर्थ. मनाला रंग चढवणे हा पहिला.

गाण्यातल्या रागाचाही अर्थ नेमका हाच. रागाची व्याख्या स्पष्टपणे भेटते ती मतंगाच्या ‘बृहद्देशी’ या प्राचीन ग्रंथात. तिचा आशय असा, की स्वरांची जी विशिष्ट रचना ऐकणाऱ्याचे चित्त रंजवते, तो राग. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि त्यात २६४ राग नोंदवले. देवगिरी म्हणजे आपले दौलताबाद. भारतीय संगीताच्या या थोर ग्रंथाचा जन्म मराठी मुलुखातला आहे, हे आपल्यापैकी कितीकांच्या ध्यानात असते?

मध्ययुगातल्या पंडितांनी तर रागांचे संसारच थाटून दिले. भैरव, मालकंस, हिंडोल, दीपक, श्री आणि मेघ हे सहा कर्ते पुरुष. प्रत्येकाच्या घरी पाच-पाच, सहा-सहा रागिण्या. मग त्यांचे पुत्र आणि सुनाही. एवढ्या मोठ्या कुटुंबाचा प्रमुख आपल्या अर्थाने ‘राग’ असून कसे चालले असते! पुढे भातखंड्यांनी ही कुटुंबव्यवस्था बाजूला ठेवून सारे राग दहा थाटांत बसवले. रागिणी मात्र मुलींच्या नावांत टिकून राहिली. वामन मल्हार जोश्यांच्या प्रसिद्ध कादंबरीची नायिका रागिणीच. ते नाव ठेवताना आपल्या मुलीला नाकावर राग लाभावा, अशी इच्छा कोणाही आईबापांच्या मनात नसते.

प्रीतीचा क्रोध कसा झाला?

कपड्यावरचा रंग मनावर चढला, तेव्हा राग म्हणजे प्रीती, ओढ, आसक्ती असा अर्थ आला. संस्कृत साहित्य वाचताना राग भेटतो तो मुख्यतः या अर्थाने. पतंजलीने योगसूत्रांत पाच क्लेश सांगितले आहेत : अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश. इथे राग आणि द्वेष समोरासमोर उभे आहेत. सुख देणाऱ्या गोष्टीची ओढ तो राग, दुःख देणाऱ्या गोष्टीचा तिटकारा तो द्वेष. मराठी विद्यार्थी इथे हमखास अडखळतो. गीतेतल्या स्थितप्रज्ञाच्या वर्णनात ‘वीतराग’ आला की तो चटकन लिहितो, ‘ज्याचा राग गेला आहे असा’. पण तिथे त्याच समासात पुढे क्रोधही वेगळा उभा आहे. मग एकच शत्रू दोनदा कसा मारायचा, असा पेच त्याला पडतो. स्थितप्रज्ञाचा गेलेला राग म्हणजे आसक्ती, हे कळले की पेच सुटतो.

मग प्रीतीचा क्रोध झाला कसा? मला यात दोन वाटा दिसतात, आणि दोन्ही एकाच घरी पोहोचतात.

पहिली वाट रंगाची. माणूस संतापला की त्याचा चेहरा लाल होतो, डोळे लाल होतात. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला एकेक रंग नेमून दिला आहे. त्यात क्रोध ज्याचा स्थायी भाव आहे त्या रौद्ररसाचा रंग लाल. लाली म्हणजेच राग. तेव्हा डोळ्यांत उतरलेल्या लालीने मनातल्या संतापालाही आपले नाव दिले, तर नवल नाही.

दुसरी वाट नात्याची, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात एक साखळी सांगितली आहे. विषयांच्या चिंतनातून त्यांचा संग जडतो, संगातून कामना उपजते, कामनेतून क्रोध. म्हणजे क्रोधाच्या मुळाशी कोठेतरी गुंतलेले मन असते. हे ओळखायला योगी व्हावे लागत नाही. संसार करावा लागतो. परक्याच्या मुलाने परीक्षेत दिवे लावले, तर आपण “अरेरे!” म्हणून चहाचा पुढचा घोट घेतो. आपल्या मुलाने लावले, की घरात राग उभा राहतो. ज्याच्याशी आपले काही देणेघेणे नाही, त्याच्याविषयी आपण उदासीन असतो. राग यायला आधी लागेबांधे लागतात.

आपल्या परंपरेने ही गोष्ट फार हळुवारपणे जपून ठेवली आहे. लोकांच्या त्रासाने व्यथित झालेल्या ज्ञानेश्वरांनी पर्णकुटीची ताटी लावून घेतली आणि धाकट्या मुक्ताबाईने दाराबाहेरून त्यांची समजूत घातली, अशी कथा आहे. त्या समजुतीचे शब्द ‘ताटीचे अभंग’ म्हणून प्रसिद्ध आहेत. ज्याच्या मनात जगाविषयी एवढी करुणा, त्यालाच जगाचा एवढा राग यावा! आणि तो घालवायला धाकटी बहीणच यावी. संस्कृत काव्यशास्त्रात तर या प्रेमाच्या रागाला ‘मान’ असे स्वतंत्र नावच आहे. नायिका मान धरते, नायक तिची मनधरणी करतो. ठुमरी ऐकणारांना या मानाची ओळख वेगळी करून द्यायला नको. एकाच ठुमरीत दोन्ही राग सुखाने नांदतात.

या वाटेने जाणारे आपण मराठी लोक एकटे नाही. कोकणीत राग म्हणजे क्रोधच. उडियातही तसेच. आणि बंगालीत, म्हणजे मित्रांनी ज्या भाषेवर जीव टाकला त्या भाषेत, ‘राग कोरो ना’ म्हणजे रागावू नकोस. पण त्याच बंगालीत वैष्णव कवींनी प्रीतीचा रागही जिवंत ठेवला. प्रत्यक्ष भेटीच्या आधीच जडलेली प्रीती तो पूर्वराग. सोळाव्या शतकात रूप गोस्वामींनी भक्तीचे प्रकार सांगितले. केवळ शास्त्राच्या आज्ञेने होते ती वैधी भक्ती. अंतरीच्या ओढीच्या मागोमाग जाते ती रागानुगा. एकाच भाषेत पत्नी पतीवर करते तो राग, आणि भक्त देवाशी जोडतो तोही रागच!

लोभाशी अदलाबदल

राग हा प्रीतीच्या घरातून निघाला आणि क्रोधाच्या घरात राहायला गेला. मग प्रीतीची जागा रिकामी राहिली का? नाही. तिथे आला लोभ!

षड्रिपूंची यादी आपण लहानपणापासून पाठ केलेली आहे : काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. त्यात लोभ हा पक्का शत्रू. हाव हा त्याचा अर्थ. पण तोच लोभ मराठी माणसाच्या पत्राच्या शेवटी येऊन किती सात्त्विक होऊन बसला, पाहा. ‘कळावे, लोभ असावा, ही विनंती.’ पोस्टकार्डावर जागा उरली नाही तर माणसे समासात आडवे लिहीत, पण लोभ चुकवत नसत. ज्याचा आपल्याला लोभ असावा असे वाटते, त्याच्याकडे आपण माया मागत असतो. म्हणजे संस्कृतातली प्रीती मराठीत क्रोध झाली, आणि संस्कृतातली हाव मराठीत प्रीती झाली. दोन भावांनी एकमेकांचे सदरे घालावेत, तसा हा प्रकार.

पुढे हे दोघे जोडीनेच हिंडू लागले. ‘आमच्यात काही रागलोभ नाही’ असे दोन शेजारी म्हणतात, तेव्हा त्यांच्यात वैर नाही हे खरेच. पण जिव्हाळाही नाही, हेही त्यात आले. या जोडशब्दाने मोठे शहाणपण सांगितले आहे. राग आणि लोभ हे एकाच दाराने आत येतात. एकाला बंदी केली, तर दुसराही बाहेरच राहतो.

राग येतो, पण पुढे?

आता या शब्दाभोवती मराठीने जमवलेली क्रियापदे पाहू. खरी मौज तिथे आहे.

‘मला राग आला.’ या वाक्यातला कर्ता कोण? राग. मी कोठे आहे? चतुर्थीत, दारात उभा. पाहुणा यावा तसा तो आला. ताप येतो, झोप येते, रडू येते, तसाच राग येतो. मराठी व्याकरण राग आल्याचा दोष माणसाला देत नाही. आला, त्याला कोण काय करणार?

पण पुढचे वाक्य ऐका. ‘त्याने राग धरला.’ आता कर्ता बदलला. धरणारा माणूस आहे. राग गिळला, राग आवरला, राग काढला, राग मनात ठेवला, या साऱ्यांत करणारे आपणच. ‘राग मानू नका’ म्हणतो, तेव्हा मानणे न मानणे समोरच्याच्या हाती आहे, हे आपण धरूनच चालतो. आणि सर्वांत कठोर प्रयोग ‘राग करणे’ हा. ‘सासूला सुनेचा राग आला’ ही एका दुपारची गोष्ट झाली; ‘सासू सुनेचा राग राग करते’ ही साऱ्या जन्माची. ‘येणे’च्या जागी ‘करणे’ आले, आणि पाहुणा घरजावई होऊन बसला.

आलेला राग जातोही. तो निवळतो, उतरतो, शांत होतो, लहान मुलाने गळ्यात हात टाकला की कुठल्या कुठे पळतो. ‘राग काढणे’ हे मात्र जपून करायचे काम आहे. कचेरीत साहेबाचा आलेला राग माणूस घरी येऊन मुलांवर काढतो, तेव्हा भाषा त्याला स्वयंपाकघरातली म्हण सुनावते : वड्याचे तेल वांग्यावर. आणि तो धरून ठेवण्याची सवयच लागली, तर म्हण त्याहून रोखठोक आहे : अति राग, भीक माग.

‘रागावणे’ हा शब्द तर खास घरगुती. त्याचा अर्थ राग येणे एवढाच नाही. रागे भरणे, दटावणे, कान उघाडणी करणे हेही त्यात आले. रस्त्यात आडवी गाडी घालणाऱ्यावर आपण भडकतो, उखडतो, डोक्यात राख घालून घेतो. पण त्याच्यावर ‘रागावत’ नाही. रागावतो ते आपल्या माणसांवर. ‘उशीर झाला तर आई रागवेल’ या वाक्यात भीती आहे, पण आई वाट पाहत असेल याची खात्रीही आहे.

गाण्यातल्या रागाचे व्याकरणही असेच आहे. ‘मला यमन येतो’ असे शिकणारा म्हणतो, तेव्हा येणारा यमनच, शिकणारा चतुर्थीत. पण पुढे राग मांडणे, खुलवणे, आळवणे हे ज्याचे त्याने करायचे. यमन सर्वांचा एकच. गवयाची ओळख तो यमनाचे काय करतो यात. ‘आळवणे’ हा शब्द तर देवाच्या विनवणीचा. तरी त्यालाही आपण संसारात ओढलेच : ‘काकांनी पुन्हा तोच राग आळवला.’ काकांच्या त्या वाटणीच्या तक्रारीत दोन्ही राग एकदमच ऐकू येतात. समेवर यायचे मात्र काका विसरतात.

‘रागरंग’ हा आणखी एक चतुर शब्द. हिंदीत तो नाचगाण्याच्या, चैनीच्या मैफलीची आठवण देतो. आपल्याकडे बेरकी माणूस घरात शिरण्यापूर्वी रागरंग पाहतो. उधार पैसे मागायचे असोत, की सहलीची परवानगी, रागरंग पाहून शब्द टाकायचा. राग आणि रंग हे दोघे मूळचे सख्खे भाऊ. या शब्दात ते पुन्हा भेटले.

राग कोणाला परवडतो?

इथवर सारे गोडच झाले. पण आपल्या भाषेने रागाची वाटणी सारखी केलेली नाही, हेही सांगायला हवे. पुरुषाला राग आला की त्याच्यासाठी पुराणातले ऋषी हजर : जमदग्नी, दुर्वास. तो ‘कडक’, तो ‘करारी’, तो ‘शीघ्रकोपी पण मनाने निर्मळ’. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींत ‘आमचे हे जरा रागीट आहेत हं’ हे वाक्य तक्रारीच्या सुरात कमी आणि कौतुकाच्या सुरात अधिक ऐकू येत असे. तोच राग बाईला आला, की ती कजाग, तोंडाळ, आक्रस्ताळी, नाहीतर थेट त्राटिका. ऋषी पुरुषांच्या वाट्याला आणि राक्षसिणी बायकांच्या!

जिला राग बोलून दाखवण्याची सोय नव्हती, तिने तो दुसऱ्या वाटांनी वाहू दिला. भांडी मोठ्याने वाजली, दार जरा जोरात लागले, पोळी ताटात पडताना आवाज झाला. याला नाव पडले धुसफूस, आदळआपट, फणकारा. जुन्या घरातल्या सुनेला राग येत नसे. तिचे डोके दुखत असे. दुसऱ्यावर राग काढता येईना, तेव्हा तो स्वतःवर काढायचा, जेवायचेच नाही. त्याला म्हणायचे त्रागा. कैकेयीसारख्या राणीलाही रागासाठी वेगळ्या कोपभवनात जावे लागले. दशरथाला तशा दालनाची गरज नव्हती. सारा राजवाडाच त्याचा.

त्यातल्या त्यात रुसवा हा सर्वांना परवडणारा राग. तो मुलांचा, सुनांचा, आणि लग्नकार्यात जावयाचा नि विहिणीचाही. रुसायला दोन माणसे लागतात. एकाने कोपऱ्यात बसायचे आणि दुसऱ्याने समजूत काढायला यायचे. कोणी येणारच नसेल, तर रुसण्यात काय अर्थ? म्हणून रुसव्याच्या पोटात विश्वास असतो. दिवाळसणाला आलेल्या जावयाचा रुसवा अंगठी मागून जाई, हे खरे. पण माहेरपणाला आलेल्या लेकीचा रुसवा आईच्या हाताच्या एका करंजीवर मिटत असे.

अलीकडे हे शब्द विरळ होत चालले आहेत. आता मुलांचा ‘मूड ऑफ’ असतो, मोठ्यांना ‘टेन्शन’ असते आणि सर्वांनाच सारखे ‘इरिटेट’ होत असते. इंग्रजी शब्द आले म्हणून कपाळावर आठ्या घालणाऱ्यांपैकी मी नाही. शब्द येतात, रुळतात, आपले होतात. पण संताप, चीड, वैताग, त्रागा, फणकारा, रुसवा या साऱ्यांच्या जागी एकच ‘इरिटेट’ बसले, की समोरच्याला नेमके काय हवे आहे, हे कळायची वाट बंद होते. त्रागा करणाऱ्याला जेवू घालावे लागते. रुसलेल्याला जवळ घ्यावे लागते. चिडलेल्याचे म्हणणे ऐकावे लागते. संतापलेल्यापासून घटकाभर दूर राहावे लागते. ‘इरिटेट’ झालेल्याचे काय करावे?

मोबाईलवर हल्ली राग कळवायचा तर लाल तोंडाचे एक छोटेसे चित्र पाठवतात. एवढ्या शतकांचा प्रवास करून शब्द पुन्हा आपल्या मूळच्या लालीवर येऊन थांबला, म्हणून भाषेच्या मास्तराला मौज वाटते. पण त्याच मोबाईलवर माणसाला ‘ब्लॉक’ करण्याचीही सोय आहे, तिची मला धास्ती वाटते. ताटी लावणे ही आपली जुनी रीत. पण मुक्ताबाईचा आवाज ताटीपलीकडे ऐकू तरी जात होता. बोटाच्या एका टोकाने लावलेल्या या नव्या ताटीबाहेर कोणी उभे आहे की नाही, हेही आतल्याला कळत नाही. तिथे राग निवळत नाही. तो फक्त एकटा पडतो. आणि त्याच्याबरोबर लोभही.

म्हणून येत्या चार दिवसांत, घरात पाहुणे असतील, फराळाची ताटे इकडून तिकडे जात असतील, तेव्हा कोणी कोणावर रागावले, तर दचकू नये. जिथे राग येतो, तिथे माणसे अजून एकमेकांची आहेत. फक्त आलेल्या पाहुण्याला मुक्कामाला ठेवू नये. आणि ताटीबाहेरून कोणी हाक मारली, तर ओ द्यावी.

लिहिण्याच्या भरात एखादा शब्द कोणाला लागला असेल, तर राग मानू नये.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.